छोट्या वायनरीची मोलाची बाटली : काय करावे, काय टाळावे

पैसे द्राक्षांचे आणि कामाचे द्या, देखाव्याचे देऊ नका. बाकीचे नियम यातूनच निघतात.

काय करावे

*शोधताना*

- सुरुवात शेनिन ब्लांपासून करा; नाशिकच्या मातीत ही जात चांगली रुळली आहे आणि सहसा सोव्हिन्यों ब्लांपेक्षा स्वस्त पडते.
- नाशिक जिल्हा तालुक्यांनी ओळखा : दिंडोरी, निफाड, इगतपुरी. इगतपुरीचा पाऊस आणि निफाडची थंडी वेलीला सारखी वागवत नाहीत.
- अनोळखी जातीचे नाव दिसले की थांबा. निफाड तालुक्यातल्या रेव्हेइलो वायनरीने ग्रिलो आणि नीरो दाव्होला या इटालियन जातींची वाईन केली आहे.
- नाशिकच्या बाहेरही नजर टाका. सोलापूर जिल्ह्यात अकलूजकडे सांजोव्हेसे पिकते.
- मालकी तपासा. गंगापूर धरणाजवळची यॉर्क वायनरी 2021 मध्ये सुला वायनरीकडे गेली, तेव्हा नाव वेगळे म्हणजे घर वेगळे असे धरून चालत नाही.
- एका वायनरीची सगळ्यांत स्वस्त बाटली आधी घ्या. जो साधी वाईन नीट करतो, त्याच्या महागड्या बाटलीवर विश्वास ठेवता येतो.

*लेबल वाचताना*

- बाटली उलटी फिरवा आणि मागचे लेबल आधी वाचा : कोणी बनवली, कुठे भरली, अल्कोहोल किती टक्के, बॅच कोणती.
- साल शोधा. आपल्याकडे काढणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे त्या सालची ताजी पांढरी वाईन त्याच वर्षात बाजारात येऊ शकते.
- पिंपात न ठेवलेली पांढरी आणि रोझे वाईन सर्वांत अलीकडच्या सालची घ्या. तिचा जीव ताजेपणात असतो.
- एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि एमआरपी छापली आहे याची खात्री करा.
- "रिझर्व्ह" लिहिले असेल तर ओकच्या पिंपात किती महिने ठेवली ते विचारा; उत्तर महिन्यांत यायला हवे.

*दुकानात*

- आकडा आणि चव एका दमात सांगा : "हजारापर्यंत, पांढरी, सुकी, छोट्या वायनरीची." दुकानदाराचे काम सोपे होते.
- बाटली उजेडात धरा. पांढरी वाईन तपकिरी झुकायला लागली असेल तर परत द्या.
- मानेतली पातळी शेजारच्या बाटल्यांशी ताडून पाहा. एकीतच कमी असेल तर ती गळली आहे.
- कॉर्कचा माथा बोटाने चाचपा. फॉइल फुगलेले किंवा कडेला चिकट ओघळ असेल तर बाटली तापलेली आहे.
- शटरजवळची बाटली नाकारा आणि आतल्या फळीवरची मागा. दुपारचे ऊन पुढच्या रांगेवरच पडते.

*वायनरीत*

- आधी फोन करा. छोट्या जागी चाखवणारा आणि टाकीवर काम करणारा माणूस बहुधा एकच असतो.
- आठवड्याच्या मधल्या दिवशी जा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते आणि प्रश्नांना वेळ मिळत नाही.
- काढणी पाहायची असेल तर पहाटे पोहोचा. ऊन चढण्याआधी घड आत घेतात.
- छाटणीचे विचारा. एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी यांच्या तारखा ज्याला तोंडपाठ आहेत, तो बागेत वावरतो.
- एकरी किती टन माल घेतात ते विचारा; खाण्याच्या द्राक्षाइतका बोजा वेलीवर ठेवला तर वाईन पाणचट होते.
- बाग स्वतःची की करारावरची हेही विचारा. करार चालेल, पण शेतकरी आणि प्लॉट ठरलेला हवा.
- 2024 ची बाटली समोर असेल तर नोव्हेंबर 2023 च्या अवकाळी पावसाचा आणि गारपिटीचा विषय काढा. काय वाचले आणि काय गेले हे सरळ सांगणाऱ्याकडून घ्या.
- डाऊनी आणि भुरी या बुरशीच्या रोगांसाठी काढणीआधी शेवटची फवारणी कधी झाली ते विचारा. काळजी घेणाऱ्याला या प्रश्नाचा राग येत नाही.
- टाकीतला नमुना देऊ केला तर चाखा. पुढच्या वर्षीच्या बाटलीचा अंदाज तिथेच येतो.

*चाखताना*

- क्रम पाळा : स्पार्कलिंग, सुकी पांढरी, रोझे, लाल, शेवटी उशिरा काढलेल्या द्राक्षांची गोड लेट हार्वेस्ट; गोडानंतर सुकी वाईन आंबट लागते.
- ग्लास तिसऱ्या हिश्श्यापर्यंतच भरायला सांगा. हलवून वास घ्यायला जागा लागते.
- थुंकायचे भांडे मागा आणि वापरा. चौथ्या वाईनचे मत पहिलीइतकेच शुद्धीत द्यायचे आहे.
- बाटली कधी उघडली ते विचारा. दोन दिवस उघडी राहिलेल्या बाटलीवरून निकाल लावता येत नाही.
- साखर विचारा, लिटरला किती ग्रॅम. आपल्याकडच्या बऱ्याच शेनिनमध्ये थोडी गोडी मुद्दाम राखलेली असते.
- पुठ्ठा भिजल्यासारखा वास आला तर तसे सांगा. दोष कॉर्कचा असतो आणि दुसरी बाटली मागणे रास्त आहे.
- दोन वाईनच्या मध्ये पाणी प्या आणि साधा पाव खा. जीभ स्वच्छ होते.
- फोनमध्ये तीनच गोष्टी टिपा : साल, किंमत, पुन्हा घ्याल का.

*खरेदी करताना*

- आधी एक बाटली घरी न्या, जेवणाबरोबर प्या, मग पेटी सांगा.
- वायनरीतला आणि शहरातल्या दुकानातला दर ताडून पाहा; दारात घेतली म्हणजे स्वस्त पडलीच असे नाही.
- चाखण्याची फी खरेदीतून वळती होते का ते आधी विचारा.
- सहा बाटल्यांचा वेगळा दर विचारा. मित्रांत वाटून घेतल्यास ओझेही वाटले जाते.
- 375 मिलिलिटरची बाटली मिळाली तर लेट हार्वेस्ट तीच घ्या; गोड वाईन थोडीच लागते.
- बिल घ्या आणि प्रवासात सोबत ठेवा.

*प्रवासात*

- न पिणारा चालक आधीच ठरवा. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे.
- वयाचा पुरावा जवळ ठेवा.
- ड्राय डे पाहून बेत आखा. 2 ऑक्टोबर किंवा मतदानाचे दिवस मध्ये आले तर फेरी वाया जाते.
- बाटल्या जाड टॉवेलात गुंडाळून सीटखालच्या सावलीत ठेवा. बंद गाडीची डिकी उन्हाळ्यात भट्टी होते.

*घरी*

- लाल वाईन पिण्याआधी वीस-तीस मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा. 16 ते 18 अंश हे तिचे तापमान, आपल्या खोलीचे नव्हे.
- पांढरी 8 ते 10 अंशांवर द्या. त्याहून गार झाली तर वास झोपतो.
- कॉर्कची बाटली कपाटाच्या तळाशी आडवी ठेवा. कॉर्क ओला राहायला हवा.
- उरलेली वाईन लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये ठेवा आणि तीन दिवसांत संपवा.
- दोन बाटल्यांची तुलना करताना लेबल वर्तमानपत्राने झाका. किंमत दिसली की जीभ खोटे बोलते.

*ताटाबरोबर*

- तिखट रश्श्याबरोबर थंडगार, किंचित गोड शेनिन द्या. गोडी तिखटाला आवरते.
- तळलेली सुरमई किंवा तिसऱ्यांचे सुके असेल तर सोव्हिन्यों ब्लां उघडा. लिंबाचे काम ती करते.
- कांदाभजी आणि बटाटेवड्याबरोबर सुकी स्पार्कलिंग ठेवा. आंबटपणा आणि बुडबुडे तेल कापतात.
- शिराझ मटणाच्या सुक्यासाठी राखा, मात्र मिरची हात राखून घाला.
- गोडाबरोबर त्या पदार्थाहून गोड वाईन निवडा.

*परदेशात राहणाऱ्यांनी*

- फ्रान्समध्ये खांद्यावर पिंप घेतलेल्या माणसाचे चिन्ह शोधा. ते स्वतंत्र द्राक्षबागायतदारांच्या संघाचे आहे.
- शॅम्पेनच्या लेबलवरची बारीक अक्षरे वाचा. "आरएम" म्हणजे स्वतःच्या द्राक्षांची वाईन करणारा शेतकरी.
- शॅम्पेन परवडत नसेल तर क्रेमाँ घ्या. बाटलीतच दुसरे आंबवण तिथेही होते आणि पैसे कमी लागतात.
- जर्मन बाटलीवर "गुट्सआबफ्युलुंग" शोधा. स्वतःच्या बागेतली, स्वतःच्या तळघरात भरलेली असा त्याचा अर्थ.
- अमेरिकेत "एस्टेट बॉटल्ड" पाहा. तिथे या शब्दांना कायद्याची व्याख्या आहे.
- भारतात येताना 2 लिटरची शुल्कमुक्त मर्यादा लक्षात ठेवा. म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोनच पूर्ण बाटल्या.

काय टाळावे

*शोधताना*

- स्वस्त पोर्ट वाईनवरून द्राक्षवाईनची पारख करू नका. ती गोड आणि वेगळ्या घडणीची असते.
- "नाशिक" एवढाच शब्द वाचून घेऊ नका. गाव आणि करणारा कळल्याशिवाय तो पत्ता अर्धाच आहे.
- स्ट्रॉबेरी, जांभूळ अशा फळांच्या वाईनशी द्राक्षवाईनची स्पर्धा लावू नका; त्यांचा कप्पा वेगळा ठेवा.
- छोटी म्हणून चांगली असे गृहीत धरू नका. लहान तळघरात अस्वच्छ टाकीही असू शकते.
- पदकांच्या चिकट्यांवर विसंबू नका. कोणत्या सालच्या वाईनला मिळाले ते पाहिल्याशिवाय त्यांना अर्थ नाही.
- परदेशी म्हणून जास्त मोजू नका. आयात बाटलीच्या किमतीत शुल्काचा मोठा वाटा असतो, चवीचा नव्हे.

*लेबल वाचताना*

- साल नसलेली महाग बाटली घेऊ नका. कधीची ते सांगायचे नसेल तर पैसेही कमी मागावेत.
- पुढचे चित्र, सोनेरी अक्षरे आणि किल्ल्याचे रेखाटन यांचे पैसे मोजू नका.
- जड बाटलीला चांगली वाईन समजू नका. वजन काचेचे असते.
- फिरकीच्या झाकणाला हसू नका. ताज्या पांढऱ्या वाईनला ते उत्तम राखते आणि कॉर्कचा दोष टाळते.
- अल्कोहोलची टक्केवारी जास्त म्हणजे वसूल, असा हिशोब करू नका.

*दुकानात*

- "काहीही चांगले द्या" म्हणू नका. फळीवर पडून असलेला माल हातात येतो.
- जुन्या सालच्या साध्या पांढऱ्या वाईनवर सूट पाहून पेटी उचलू नका. ती सूट म्हणजे निरोप असतो.
- एमआरपीहून एक रुपया जास्त देऊ नका. "थंड करण्याचे" म्हणून मागितला तरी नाही.
- ट्यूबलाइटच्या उजेडात महिनोन्महिने उभी असलेली पारदर्शक काचेची रोझे घेऊ नका. प्रकाशाने वास बिघडतो.

*वायनरीत*

- न सांगता वीसजणांचा घोळका घेऊन जाऊ नका.
- पावसाळ्यात घड पाहायला मिळतील या आशेने जाऊ नका. तेव्हा वेलीवर पाने असतात, फळ नसते.
- मण्यांना हात लावू नका आणि घड तोडू नका. फवारणी कधी झाली हे तुम्हाला ठाऊक नसते.
- तलावाचे दृश्य, झुला आणि सेल्फीची जागा यांवरून वाईनला गुण देऊ नका.
- रेस्टॉरंटच्या बिलावरून वाईनचा दर ठरवू नका. बाटली नेण्यासाठी काय पडेल ते वेगळे विचारा.
- लहान मुलांना टाक्यांच्या खोलीत मोकळे सोडू नका; आंबवणीच्या काळात तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो आणि तो दिसत नाही.
- कामगारांना काढणीच्या घाईत थांबवून फोटो काढू नका.

*चाखताना*

- अत्तर किंवा उग्र तेल लावून जाऊ नका. तुमच्यासकट शेजाऱ्याचेही नाक बंद होते.
- तंबाखू, पान किंवा पुदिन्याच्या गोळीनंतर लगेच चाखू नका.
- रिकाम्या पोटी सुरुवात करू नका.
- चाखवणाऱ्याने "चेरी" म्हटले म्हणून चेरी शोधत बसू नका. जांभूळ आठवले तर जांभूळ लिहा.
- लाल वाईनमध्ये बर्फ टाकून मत देऊ नका.
- पहिल्या घोटाला निकाल देऊ नका; ग्लासात दहा मिनिटांनी तीच वाईन मोकळी होते.
- तळाचा गाळ पाहून घाबरू नका. न गाळलेल्या लाल वाईनला तो येतो, वरची शांतपणे ओता.

*खरेदी करताना*

- चाखण्याच्या रंगात पेटी घेऊ नका; तासाभराने पुन्हा विचार करा.
- संकोचापोटी बाटली घेऊ नका. फी दिली आहे, उपकार नाहीत.
- "गुंतवणूक" म्हणून साठा करू नका. रोजच्या वाईनची किंमत वयाबरोबर वाढत नाही.
- वर्षभराची पांढरी वाईन एकदम भरू नका. दर तीन-चार महिन्यांनी ताजी आणा.

*प्रवासात*

- "एकच ग्लास झाला" म्हणून गाडी चालवू नका. कसाऱ्याचा घाट ते ऐकत नाही.
- बाटली घेऊन सापुताऱ्याच्या बाजूने गुजरातेत शिरू नका. तिथे दारूबंदी आहे.
- गोव्यातला स्वस्त दर पाहून परवान्याशिवाय महाराष्ट्रात बाटल्या आणू नका. उत्पादन शुल्काचे नाके त्यासाठीच आहेत.
- उघडी बाटली गाडीत ठेवू नका.

*घरी*

- बाटली फ्रिजच्या डोक्यावर, गॅसजवळ किंवा माळ्यावर ठेवू नका. उष्णता सगळी मेहनत खाते.
- फ्रीझरमध्ये टाकून विसरू नका. वाईन गोठली की कॉर्क उडतो किंवा काच तडकते.
- स्पार्कलिंगची बाटली हलवून उघडू नका. कॉर्क माणसाच्या दिशेने धरू नका.
- शिळी, आंबलेली वाईन पाहुण्यांना देऊ नका. ती मटण मुरवायलाही घालू नका, वाईट वाईन शिजून चांगली होत नाही.
- न पिणाऱ्याला आग्रह करू नका. गरोदरपणात आणि औषधे चालू असताना तर विषयच काढू नका.

*ताटाबरोबर*

- झणझणीत मिसळीबरोबर पिंपातली जड लाल वाईन देऊ नका. तुरटपणा आणि अल्कोहोल तिखटाला भडकवतात.
- श्रीखंड किंवा पुरणपोळीबरोबर सुकी लाल देऊ नका. दोन्हींची चव जाते.
- नाजूक उकडलेल्या माशावर शिराझ लादू नका; लोखंडासारखी चव तोंडात राहते.
- कोल्ड्रिंक मिसळून वाईनला नावे ठेवू नका.

*परदेशात राहणाऱ्यांनी*

- बाटलीवर "शातो" दिसले म्हणून राजवाडा समजू नका. बोर्दोत साध्या शेतघरालाही तो शब्द लागतो.
- अमेरिकेतले "सेलर्ड बाय" किंवा "व्हिंटेड बाय" वाचून हुरळू नका; द्राक्षे पिकवणारा आणि आंबवणारा दुसराच असू शकतो.
- "एनएम" म्हणजे वाईट असे मानू नका. ती विकत घेतलेल्या द्राक्षांची शॅम्पेन, एवढाच अर्थ.
- नाशिकची बाटली तिथल्या मित्रांपुढे ठेवताना आधीच माफी मागू नका. गार करा, ग्लासात ओता आणि त्यांना बोलू द्या.

*शेवटचे*

- आवडलेल्या छोट्या वायनरीकडे दरात घासाघीस करू नका. दर पटत नसेल तर कमी बाटल्या घ्या.
- चांगली बाटली गुपित ठेवू नका. जाहिरातीला पैसे नसलेल्याची वाईन तुमच्या सांगण्यावर विकली जाते.